देव दिसला का, धोंडबा?

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. अंगावर काजळीचे थर आहेत, दांडा एका बाजूने उलला आहे, आणि वास तर असा येतो की देवळातली मांजरसुद्धा माझ्या कपाटाजवळ झोपत नाही. मी एक जुनी दिवटी आहे. दिवटी म्हणजे हातात धरून चालायची पितळेची मशाल. खाली लाकडी दांडा, वर तेलाची वाटी आणि वाटीत जुन्या धोतराच्या चिंध्यांची जाडजूड वात. नागपुरात विणकरांची एक जुनी वस्ती आहे, तिथल्या मुरलीधराच्या देवळात मी राहते. सध्या कपाटात. माझ्या एका अंगाला जनरेटरची वायर गुंडाळून ठेवली आहे, दुसऱ्या अंगाला फाटकी सतरंजी. यांच्याशी काय बोलणार, कपाळ! म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कासाराने मला ठोकून घडवलं. देवराव नावाचे एक विणकर मला करून घ्यायला नागपूरहून आले होते आणि दिवसभर त्या कासाराच्या डोक्यावर बसून होते. वाटी थोडी खोल पाहिजे, मान थोडी जाड पाहिजे, नाना तऱ्हा. कासार शेवटी वैतागून म्हणाला, "बापा, पोरीचं लगन जुळवून राहिले का दिवटी घेऊन राहिले?" देवराव हसले नाहीत. "देवाच्या तोंडावर उजेड पाडाचा हाय जी," ते म्हणाले. मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं ते कार्तिकात.

कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमा येते. त्या संध्याकाळी आमच्या देवळाच्या पायरीपायरीवर पणत्या लागतात. कोनाड्यात, तुळशीपाशी, विहिरीच्या काठावर, जिथे हात पोचेल तिथे दिवा. दिवेलागणीला मुरलीधराची पालखी निघते आणि तळ्याकाठच्या महादेवाला भेटायला जाते. महादेवासमोर उंच दगडी दीपमाळ आहे. तिचा पहिला दिवा माझ्या ज्योतीने लागतो, आणि तो लागल्याशिवाय वस्तीत कोणी फराळाला हात लावत नाही. सांगा बरं, माझा भाव किती असेल तेव्हा!

पण खरी गंमत माझी नाही, मला धरणाऱ्याची आहे. पालखीच्या पुढे दिवटी धरून जो चालतो, तो उलटा चालतो. देवाला पाठ दाखवायची नाही आणि देवाच्या तोंडावरचा उजेड हलू द्यायचा नाही, म्हणून तोंड पालखीकडे आणि पाऊल मागे. देऊळ ते महादेव, सव्वा मैल, असंच उलटं. मग रस्ता कोण बघणार? तर त्याच्या घरची बाई त्याच्या मागे चालते. तिचा तळहात त्याच्या पाठीवर असतो. हात सपाट ठेवला तर चालत राहा. दोन बोटं वाजवली तर थांब. अंगठा दाबला त्या बाजूला वळ. मूठ लागली तर खड्डा आहे. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. त्या हातावर भरवसा टाकायचा.

आणि निघण्याआधी एक रीत. गाभाऱ्याचा पडदा सरकतो, देवळाचे मुख्य विश्वस्त सगळ्यांसमोर विचारतात, "देव दिसला का?" दिवटी धरणाऱ्याने देवाकडे बघून म्हणायचं, "दिसला." मगच मला पाजळतात. ज्याची नजर देवावर, त्याच्याच हाती दिवटी, असा आमच्याकडचा कायदा. कोणी कागदावर लिहिला नाही, पण कोणी मोडलाही नाही. म्हणजे, लोकांना तसं वाटत होतं.

देवरावांनी मला पुष्कळ वर्षं धरलं. त्यांच्या पायाला लकवा मारला तेव्हा मी त्यांच्या मुलाच्या हाती आले. हा मुलगा म्हणजे धोंडबा. तेव्हा पंचवीस वर्षांचा, केस तेल लावून चप्प बसवलेले, नुकतं लग्न झालेलं. पहिल्या वर्षी त्याचा हात इतका थरथरला की गरम तेलाचे दोन थेंब त्याच्याच मनगटावर पडले. त्याने हूं की चूं केलं नाही. मागून त्याच्या बायकोने, इंदूबाईने, हात पाठीवर आणखी घट्ट दाबला. त्या दिवसापासून ही दोघं आणि मी, अशी आमची तिघांची जोडी जमली. जोडी तिघांची नसते म्हणता? आमची होती.

बाकी वर्ष मी त्यांच्याच घरी खुंटीला टांगलेली असायचे. धोंडबा हातमागावर बसायचा. हातमाग गेले तसा हिंगण्याच्या कारखान्यात लागला. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी यायची, तो डबा घेऊन पळायचा आणि पळता पळता एकदा माझ्याकडे मान वळवायचा. अश्विन लागला की अंगणात बसून मला चिंचेने आणि राखेने घासायचा. इंदूबाई चिंध्या पिळून वात वळायची. जवसाच्या तेलात ती रात्रभर भिजायची. त्रिपुरीला बायका माझ्या ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावायच्या. लेकुरवाळ्या माझी काजळी चिमटीत घेऊन जायच्या, बाळाच्या डोळ्यात घालायला. मी पुरती शेफारले होते, खोटं कशाला सांगू.

मग दिवस पालटले. पालखीला बॅटरीच्या दिव्यांच्या माळा आल्या, पुढे गाण्यांची गाडी आली. पोट्टे माझ्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढायला लागले. मला राग यायचा. पण धोंडबा तसाच यायचा, धुतलेलं धोतर नेसून, तोंड देवाकडे आणि पाऊल मागे, म्हणून मी म्हणायचे, जाऊ दे, आपला माणूस आहे ना.

आता जे सांगते ते मला गोड वाटत नाही. तरी सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अश्विनात धोंडबाने मला घासून इंदूबाईच्या हाती दिलं. तिने फिरवून बघितलं आणि हसली. "अवो, अर्धी लखलखीत आन अर्धी काळीच ठेवली की जी. इकडल्या अंगाले काय पाप केलं?"

धोंडबा म्हणाला, "मले तं पुरी घासलेली दिसली वं."

इंदूबाईचं हसू तिथेच विरलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर दोघं माझ्या खुंटीखालीच बसली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. काचबिंदू होता. बाजूचं दिसणं आधी जातं, मधलं शेवटी जातं, आणि गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांनी थेंब दिले होते, पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घ्या म्हणाले होते. आणि ऑपरेशननंतर दोन महिने धूर नाही, आच नाही, गर्दी नाही.

"पंधरा दिवसांत म्हंजे त्रिपुरीच्या आंधी," धोंडबा म्हणाला.

"हो ना जी."

"मंग दिवटी कोन धरन?"

प्रीतम, त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा नुकताच मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, लागला होता. सुटी मिळणं कठीण. आणि उलटं चालायला तो कधी शिकलाच नव्हता. इंदूबाई बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसली. मग धोंडबाच म्हणाला, "त्रिपुरी होऊन जाऊ दे. एका महिन्यानं काय होते?"

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? मी खूश झाले. हो, खूश! मला वाटलं, चला, यंदाही धोंडबाचाच हात. नवशिक्या कोणाच्या तरी हातात मी वाकडीतिकडी जाणार नाही. त्याच्या डोळ्यांचा विचार माझ्या मनात आला नाही. मला तोंड असतं तर मी 'नको' म्हणाले असते, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी म्हणाले नसते.

त्रिपुरी झाली. मग प्रीतमचं लग्न निघालं. लग्न झालं तोवर पावसाळा आला, पावसाळा सरला तोवर पुन्हा कार्तिक. थेंबांनी धूसर दिसतं म्हणून कार्तिकभर थेंब बंद. असं दोन वर्षं चाललं, तिसरंही चाललं. दर वेळी त्रिपुरी होऊन जाऊ दे, दर वेळी एका महिन्याने काय होते. तिसऱ्या त्रिपुरीला मी पेटले तेव्हा वातीतून मोठी ठिणगी उडाली आणि धोंडबाच्या नाकासमोरून गेली. त्याची पापणी हलली नाही. तेव्हा मला कळलं.

पुढल्या वर्षी तर उरलंसुरलंही गेलं. पण लोकांना कसं कळावं? उलटं चालणाऱ्या माणसाला रस्ता दिसतो की नाही हे कोण विचारतो? त्याचा रस्ता त्याच्या पाठीवर असतो. घरात इंदूबाई त्याला एक पाऊल एकटं टाकू द्यायची नाही. प्रीतम आणि त्याची बायको माया मिहानजवळ फ्लॅट घेऊन राहायला गेले होते. ती दोघं भेटायला आली की धोंडबा खाटेवर बसून असायचा आणि इंदूबाई जोरात बोलायची, "प्रीतम निळा शर्ट घालून आला जी!" आणि मग धोंडबा म्हणायचा, "निळा शोभते तुले." चोरी करावी तशी दोघं आंधळेपण लपवत होती. त्यांना वाटायचं, कळलं की मान जाईल. गाभाऱ्यात मनोहरराव विचारायचे, "देव दिसला का, धोंडबा?" मनोहरराव म्हणजे देवळाचे मुख्य विश्वस्त, धोंडबाच्या वर्गातले, एका बाकावर बसलेले. इंदूबाईचा तळहात पाठीवर दाबला जायचा आणि धोंडबा म्हणायचा, "दिसला." तीन वर्षं तो देवासमोर असं खोटं बोलला. मला पाजळायचे आणि आम्ही निघायचो.

या चैत्रात इंदूबाई गेली. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. इतकं साधं.

तेरावं झाल्यावर प्रीतम म्हणाला, "बाबा, आमच्याकडं चला." धोंडबा हलेना. मग मायाच त्याच्यापाशी राहायला आली. ती घरी ब्लाउज शिवायची, मशीन घेऊनच आली. पोरगी तोंडाची फटकळ, पण डोळस. सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. तिसऱ्याच दिवशी ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मामाजी, तुमाले दिसत नाही ना?"

"दिसते ना. हे पाह्य, तू समोर उभी हाय."

"मी मांगं उभी हाय मामाजी."

धोंडबाने तोंड वळवलं नाही. त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलायला लागली.

माया चिडली. भयंकर चिडली. "काहून सांगतलं नाही? आम्ही मेलो होतो का? मिहान काय विलायतेत हाय?" दुसऱ्याच दिवशी तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी परत आली ती उंबऱ्यावरच बसली. डोळ्यांच्या नसा सुकल्या होत्या. आता कोणतंही ऑपरेशन उपयोगाचं नव्हतं. तीन वर्षं आधी आणलं असतं तर काहीतरी वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ती पदर तोंडात कोंबून रडली, आणि मी खुंटीवर लटकून ते बघत राहिले. मला विरघळून जावंसं वाटलं. पितळ आहे मी, विरघळायलाही भट्टी लागते.

कार्तिक जवळ आला तशी माया म्हणाली, "मी मनोहरकाकाले सांगून देतो. आता बस झालं."

"पोरी, एवढी त्रिपुरी," धोंडबा म्हणाला.

"देवासमोर अजून एकदा खोटं बोलता का?"

"इंदी गेली वं. आता सांगतलं तं लोक म्हनतीन, त्या बाईनं आंधळ्याच्या हाती दिवटी देऊन देवाले फसवलं. तिचं नाव कायले खराब करू?" मग हळूच म्हणाला, "आन खरं सांगू का? मले काईच दिसत नाही. दिवस बी नाही दिसत. पन दिवटी हाती असली का तिची आच तोंडावर लागते, समोरून टाळ ऐकू येते, फुलाचा वास येते. मंग मले वाटते, देव हाय समोर. वर्षातून तेवढ्याच वेळ मले दिसल्यासारखं वाटते. ते बी गेलं तं मी कुठं पाहू?"

मायाने मला खुंटीवरून काढलं आणि घासायला बसली. तिच्या हाताला सवय नव्हती, दोनदा बोट कापलं. मग रोज सकाळी गल्लीत दोघांचा सराव सुरू झाला. धोंडबाच्या हातात झाडूचा दांडा, मायाचा तळहात त्याच्या पाठीवर. शेजारी विचारायचे, "काय करून राहिली वं माया?" ती म्हणायची, "आत्याबाईची जागा शिकून राहिली." आत्याबाई म्हणजे तिची सासू, इंदूबाई. ते खोटंही नव्हतं.

त्रिपुरी आली. गाभाऱ्याचा पडदा सरकला. मनोहररावांनी विचारलं, "देव दिसला का, धोंडबा?" आणि धोंडबा पटकन काही बोलेना. मायाचा हात पाठीवर होता, पण तिने तो दाबला नाही. खोटं बोल असं सांगणं तिला जमलं नाही. एवढ्या शांततेत मला वातीतून ठिबकणाऱ्या तेलाचा आवाज ऐकू आला. शेवटी तो म्हणाला, "दिसला." मला पाजळलं. पालखी उचलली गेली.

यंदा आमच्या रस्त्याचं सिमेंटचं काम अर्धवट पडलं होतं. अर्धा रस्ता हातभर वर, अर्धा खाली, आणि काठावर लोखंडी गज उघडे. पालखी वरच्या अर्ध्यावरून निघाली. माया छान चालवत होती हो! हात सपाट, अंगठा, पुन्हा सपाट. धोंडबाच्या चेहऱ्यावर माझी आच होती. इंदूबाई गेल्यापासून त्या चेहऱ्यावर असं समाधान मी बघितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत माझी ज्योत हलत होती. कोणीही बघून म्हटलं असतं, हा माणूस देवाला डोळे भरून बघतो आहे.

महादेव पाचशे पावलांवर राहिला असेल. गाण्यांच्या गाडीमागे नाचणाऱ्यांचा लोंढा उलटा फिरला आणि थेट आमच्या अंगावर आला. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, नाचण्याच्या भरात होते बिचारे. त्या रेट्यात माया बाजूला फेकली गेली. हात सुटला.

धोंडबा धक्क्याने तिरका वळला आणि तिथेच थिजला. त्याच्या टाचेमागे दोन वितींवर रस्त्याचा काठ होता, आणि खाली गज. समोरून पालखी येतच होती. तो मागे सरेना. भोई थांबले, टाळ थांबले. मायाची हाक आली, "मामाजी, थांबा! हलू नका!" पण ती गाण्याच्या गोंगाटात माझ्यापर्यंतच कशीबशी पोचली.

मनोहरराव पुढे आले. "मांगं सरक गा धोंडबा. काहून थांबला?"

तो पाठीवर हात येईल म्हणून वाट पाहत होता. हात येईना.

"अरे धोंडबा, पालखी खोळंबली. काय झालं गा?"

"मनोहर, मले दिसत नाही."

"काय?"

पालखी थांबलेली पाहून गाडीवाल्याने तेवढ्यात गाणं बंद केलं होतं. त्या भरात धोंडबाचं तिकडे लक्ष गेलं नाही. तो ओरडून म्हणाला, "मले दिसत नाही!" अख्ख्या रस्त्याने ऐकलं.

मनोहररावांनी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. मग आणखी जवळ नेऊन हलवला. "आता तं म्हटलं, दिसला म्हनून."

"खोटं बोललो."

"कवापासून?"

"चौथी त्रिपुरी हाय. इंदीचा दोष नाही. मीच तिले म्हटलं होतं, कोनाले सांगू नोको."

मनोहरराव रागावतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाकावरचा सोबती तो, कसा रागावेल? हात पुढे करून म्हणाले, "दिवटी दे गा इकडं."

"महादेवापावेतो नेऊ दे. पाचशे पावलं राहिली. मोजलेली हायेत."

"नाही गा. मांगं गज हायेत. तू पडला तं मी जगून काय करू?"

"मंग तू धर ना माझ्या पाठीवर हात."

मनोहररावांचा हात उचलला गेला, मी पाहिलं. मग त्यांनी भोवताली बघितलं. शेकडो माणसं, कित्येक मोबाईल वर झालेले, आणि रीत. हात खाली आला. मला अजून वाटतं, तो हात तेवढा पाठीवर पडला असता तर काय बिघडलं असतं? देव काय पालखीतून उठून जाणार होता?

धोंडबाची मूठ उघडेना. मनोहररावांनी त्याचं एकेक बोट हळूहळू सोडवलं. मग त्याला दंडाला धरून रस्त्याच्या आतल्या बाजूला, बंद दुकानांच्या रांगेपाशी नेऊन उभं केलं आणि स्वतः मला धरून पालखीपुढे उलटे चालायला लागले. एका पोराने त्यांच्या पाठीला हात लावला. त्यांची पावलं अडखळत होती, माझी ज्योत हेलकावत होती, देवाच्या तोंडावर उजेड नीट पडत नव्हता.

माझं तोंड पालखीकडे होतं, म्हणून पुढचं मला दिसलं. चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा पालखी धोंडबाला ओलांडून गेली. टाळांचा आवाज जवळ आला, पुढे सरकला. त्याने घाईघाईने हात जोडले आणि मान वाकवली. पण पालखी तोवर पुढे आली होती. तो एका दुकानाच्या बंद शटरला हात जोडून उभा होता. लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होते. कोणीच त्याला सांगितलं नाही. माया गर्दीतून वाट काढत धावत आली, तिने त्याच्या खांद्यांना धरून त्याला वळवलं, तोवर आम्ही महादेवाच्या गल्लीत शिरलो होतो.

दीपमाळ पेटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दरवर्षी त्या पहिल्या दिव्याला ज्योत लावताना माझं ऊर भरून यायचं. यंदा मी नुसतं काम उरकलं.

धोंडबा आता प्रीतमच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. माया परवा देवळात आली होती, मनोहररावांना सांगत होती. जेवतो, औषध घेतो, तक्रार करत नाही. रोज संध्याकाळी विचारतो, "दिवे लागले का?" ती हो म्हणते, मग तो उठून आत जाऊन झोपतो. ट्रस्टने ठरवलं आहे, पुढच्या वर्षीपासून पालखीलाच बॅटरीचा मोठा दिवा बसवायचा. उलटं चालायला आता कोणी नाही. प्रीतमला सुटी नसते. मायाने "मी धरू का?" असं विचारून पाहिलं, तर 'दिवटी बाईच्या हाती देत नाहीत' अशी चार जणांनी रीत दाखवली. म्हणून मी कपाटात आहे. माझं मला काही वाटत नाही. पितळ आहे, अजून शंभर वर्षं पडून राहीन.

मित्रांनो, मला कपाटातून काढा, घासा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, आजी, आजोबा, मामाजी, कोणीही. ते माणूस स्वतःचं दुखणं सणासाठी, लग्नासाठी, तुमच्या परीक्षेसाठी पुढे ढकलत असेल. हसून म्हणत असेल, काय घाई आहे. तर त्याचं ऐकू नका. हट्ट करा, रुसा, जेवू नका, पण त्याला उठवून न्या. धोंडबासाठी हे कोणी केलं नाही. इंदूबाई भोळी होती. मी लोभी होते. मुरलीधर तर रोज समोरच होता, त्याला सगळं दिसतं म्हणतात. पण देवाला कोणाचं बोट धरून दवाखान्यात नेता येत नाही हो. ते माणसालाच करावं लागतं.